बिनउत्तराचं पत्र

गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा आहे आणि टेकडीभर जायफळाएवढे गोल खडे पसरलेले आहेत. त्यांची गोष्ट समुद्रपूर तालुक्यातल्या पोरासोरांनाही पाठ असते. व्यापारी मालाची पोती घेऊन चालले होते. बाबांनी विचारलं, पोत्यांत काय आहे? व्यापारी थट्टेने म्हणाले, दगड. पुढे जाऊन पोती उघडली तर आत खरोखरच दगड निघाले. भूशास्त्रज्ञ या खड्यांचं कारण वेगळं सांगतात, पण आपल्याला इथे गोष्टच कामाची आहे, कारण पुढचा वाद तिच्यावरूनच सुरू होतो.

वाद मामा-भाचीचा. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, गिरडजवळ थोडी कोरडवाहू शेती असलेले, अंगात अजून खादी घालणारे. भाची तत्त्वज्ञानात एम.ए. झालेली. पीएच.डी.साठी तिने ज्यू नीतिशास्त्र हा विषय धरला आहे आणि घरात कोणालाच तो समजलेला नाही. ही दोन माणसं मी रचलेली आहेत. ती ज्यांच्यावरून भांडतात ती माणसं, पत्रं आणि तारखा खऱ्या आहेत.

मामा : तू शीक, कुठंही जा, माझी ना नाही. पण ज्यू नीतिशास्त्र? गिरडातून? इथं कापसाले भाव नाही, पोट्ट्याईले काम नाही, आणि तू कोणत्या जगातले कायदे वाचत बसणार? खोटं बोलू नये हे शिकायला विद्यापीठ काहून पाहिजे? टेकडीवरचा एक खडा उचल. झालं नीतिशास्त्र.

भाची : खडा शिक्षा सांगतो, मामाजी. गुन्हा नेमका कोणता ते सांगत नाही. ते व्यापारी खोटं बोलले म्हणून चुकले, की विचारणाऱ्याची टर उडवली म्हणून? मिश्ना नावाचा ज्यू कायद्याचा ग्रंथ आहे, साधारण इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेला. त्यात बाजारावर अख्खं प्रकरण आहे. किमतीच्या सहाव्या हिश्श्याइतकी फसवणूक झाली तर फसलेल्याला दाद मागता येते. आणि लगेच पुढे म्हटलंय की फसवणूक जशी पैशाची, तशी शब्दाचीही असते. घ्यायचं मनात नसताना विकणाऱ्याला भाव विचारणं, हीसुद्धा फसवणूकच.

मामा : मग आपला अर्धा बाजार त्या ग्रंथानं तुरुंगात जाईल! खेडा खरेदीवाला अंगणात येतो, गंजीतला मूठभर कापूस उचलतो, दाबून पाहतो, ओलावा आहे म्हणतो, भाव विचारतो आणि न घेता निघून जातो. तासाभरानं दुसरा येतो. तो पहिल्याहून शंभर रुपये कमी सांगतो. तिसऱ्याले शेतकरी हात जोडून देऊन टाकतो. वरून कटती वेगळी. पहिल्याले घ्यायचंच नव्हतं, हे सगळ्याईले माहीत असतं.

भाची : आणि आपण त्याला काय म्हणतो? हुशार माणूस. तिथे त्या कृत्याला कायद्यात जागा आहे. पुढे तालमुदात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, तर चर्चा आहे की शब्दाची फसवणूक पैशाच्या फसवणुकीहून वाईट. कारण एक जण सांगतो, पैसे परत करता येतात. दुसरा सांगतो, तिथे मालाला धक्का लागतो, इथे माणसालाच.

मामा : आपल्या संतांनी हे सांगितलं नाही काय?

भाची : सांगितलं. संत सांगतात आणि आपण हात जोडतो. तिथे सांगणाऱ्याशी भांडतात, आणि भांडण लिहून ठेवतात. सरव्याचंच घ्या. आपल्या वावरात सरवा वेचायला बाया यायच्या तेव्हा आजी काय म्हणायची?

मामा : वेचू द्या म्हणायची. पाखरानं खाल्लं असतं, ते माणसानं खाल्लं.

भाची : म्हणजे आजीची मर्जी. शेजारच्या वावरातून हाकलून देतात, ती त्या मालकाची मर्जी. मिश्नात शेताचा कोपरा न कापता गरिबांसाठी ठेवायचा, निदान साठावा हिस्सा. कापताना सांडलेलं कणीस त्यांचं, शेतात विसरलेली पेंढी त्यांची. मालक दयाळू असो नाहीतर खवट, ते त्याचं नाहीच. मग प्रश्न येतो की किती कणसं सांडली म्हणजे सरवा धरायचा? हिल्लेलच्या पंथाचे म्हणतात, दोन सांडली तर गरिबाची, तीन एकत्र पडली तर मालकाची. शम्मायच्या पंथाचे म्हणतात, तीनसुद्धा गरिबाची, चार पडली तर मालकाची.

मामा : एका कणसासाठी दोन पंथ!

भाची : वेचणारीला एका कणसाने फरक पडतो ना.

मामा : पडतो. पण असं मोजून मापून दिल्यानं माणूस बदलतो काय? इथून विनोबांचं पवनार किती लांब आहे? ते जमीनदाराकडं कायदा घेऊन नाही गेले. मला तुमच्या घरातला सहावा मुलगा समजा, माझा वाटा द्या, म्हणाले. आणि लोकांनी दिली जमीन. हृदय बदललं पाहिजे, बाई. कायद्यानं कोपरा सोडणारा माणूस कोपऱ्यातलं तणच सोडेल.

भाची : आणि हृदय बदललेल्यांनी काय सोडलं, मामाजी? भूदानात आलेली कितीतरी जमीन खडकाळ होती, कितीतरी वादात अडकलेली होती, कितीतरी वाटलीच गेली नाही. हे विनोबांचे शत्रू म्हणत नाहीत, सर्वोदयवाले स्वतः म्हणतात. बाराव्या शतकातल्या मायमोनिदेसने मदतीच्या आठ पायऱ्या लावल्या आहेत. तो कैरोजवळ वैद्यकी करायचा. सगळ्यात खालच्या पायरीवर कोण, तर तोंड वाकडं करून देणारा. पण त्यालाही पायरी दिली आहे, बाहेर काढलेलं नाही. सगळ्यात वर तो, जो कर्ज देतो, भागीदारी देतो, काम देतो, म्हणजे समोरच्याला पुन्हा मागावंच लागत नाही. तुमच्या शाळेत एवढी वर्षं नीतिकथा शिकवल्या, त्यात तोंड वाकडं करून देणाऱ्याचं काय करायचं हे कधी आलं?

मामांनी याचं उत्तर दिलं नाही आणि विषय बदलला. शिक्षकांची ही सवय जुनी आहे.

मामा : बरं, मानलं. पण हे सगळं ते लोक आपसात, आपल्या पाठशाळेत, जोडीजोडीनं बसून शिकतात ना? मग विद्यापीठात नेऊन काय साधणार? विद्यापीठात नीतीचा पेपर होतो. ‘कोणतेही दोन प्रश्न सोडवा.’ सोडवले की संपली नीती.

भाची : ही भीती त्यांच्यातही होती. पण आधी विद्यापीठानेच त्यांना दार लावलं होतं. बर्लिनच्या विद्यापीठात ज्यू विद्येचं अध्यासन काढा म्हणून लेओपोल्ड त्सुंत्स यांनी १८४८मध्ये अर्ज केला. तो फेटाळला गेला. मग १८७२मध्ये ज्यू विद्वानांनी बर्लिनमध्ये स्वतःची उच्च शिक्षणाची संस्था काढली. तिथल्या लोकांचा आग्रह होता की आमचा धर्मग्रंथ कांटच्या शेजारी ठेवून वाचा, त्याच कसोटीवर घासा. हेरमान कोहेन आयुष्यभर मारबुर्गला कांट शिकवून म्हातारपणी या संस्थेत शिकवायला आले. ही संस्था नाझींनी १९४२मध्ये बंद पाडली. शेवटपर्यंत शिकवणारे लेओ बेक पुढच्या वर्षी थेरेझिनश्टाट छावणीत गेले. जिवंत परतले ते नशीब. ज्या विषयाला विद्यापीठ आधी दाराबाहेर ठेवतं आणि नंतर सरकार मुळासकट उपटतं, तो नुसता पेपरपुरता नसणार.

मामा : दुःख मोठं आहे त्यांचं, कोण नाही म्हणतं? पण आता गाझात काय चाललं ते मी रोज पाहतो. लेकरं ढिगाऱ्याखालून काढतात. कोणत्या तोंडानं मले हे लोक नीती शिकवणार?

भाची : ‘हे लोक’ कोण? आपल्या कोकणातले ज्यू, म्हणजे शनवार तेली? दोन हजार वर्षांच्या आठवणी सांगत अलिबाग-पेणकडे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे? त्यांच्यातल्या जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. वल्हांडणाची पोथी १८४६मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. आपल्या कीर्तनासारखी कीर्तनं त्यांनी योसेफाच्या कथेवर केली. हीच माणसं इस्राएलला गेली तेव्हा तिथल्या धर्मपीठाने १९६२मध्ये यांच्या लग्नांआधी वंशाची चौकशी लावली, हे खरे ज्यू आहेत का म्हणून. दोन वर्षं भांडले ते. उपोषणं, निदर्शनं. १९६४मध्ये तिथल्या संसदेला ठराव करावा लागला. सत्याग्रह मराठीत शिकून गेले होते म्हणा.

मामा : मी सरकारचं विचारतो आहे. तू तेल्याईचं सांगते.

भाची : सरकारचंही सांगते. येशायाहू लाइबोविट्झ म्हणून हिब्रू विद्यापीठात प्राध्यापक होते, कर्मठ धार्मिक माणूस. १९६७चं युद्ध इस्राएलने जिंकलं, लोक नाचत होते, तेव्हा ते सांगत होते की दुसऱ्या समाजावर राज्य करत राहिलात तर तुमचं राज्य सडेल. देशात त्यांना शिव्या बसल्या. मी त्या परंपरेचा अभ्यास करते म्हणजे त्या सरकारला प्रमाणपत्र देत नाही. उलट त्या सरकारला बोल लावायला सगळ्यात धारदार शब्द त्याच परंपरेत आहेत. आणि मामाजी, या नीतिशास्त्राची एक मोठी परीक्षा आपल्याच जिल्ह्यात झाली. तुम्ही शाळेत त्यातली एकच बाजू शिकवली.

इथे दोघांना थांबवून हकीकत सांगितली पाहिजे, कारण ती वर्धा जिल्ह्यातही फारशी कोणी सांगत नाही.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी सेगावला राहायला आले. गावाचं नाव सेवाग्राम व्हायला अजून चार वर्षं होती. ९ नोव्हेंबर १९३८च्या रात्री जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरं जाळली गेली, दुकानं फोडली गेली, सुमारे तीस हजार पुरुष छावण्यांत टाकले गेले. २० नोव्हेंबरला सेगावात बसून गांधीजींनी लेख लिहिला. तो २६ तारखेच्या ‘हरिजन’मध्ये आला. त्यात ज्यूंबद्दल सहानुभूती होती. माणुसकीसाठी एखादं युद्ध न्याय्य ठरू शकत असेल तर ते जर्मनीविरुद्धचं असेल, असंही त्यात होतं. पण युद्ध त्यांना मान्यच नव्हतं. जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा, देश सोडू नये, हा त्यांचा सल्ला. आणि पॅलेस्टाईन अरबांचं आहे, ते ज्यूंना देणं अन्याय आहे, हे त्यांचं मत.

लेख जेरुसलेमला पोचला. तिथल्या हिब्रू विद्यापीठात मार्टिन बुबर त्याच वर्षी जर्मनी सोडून प्राध्यापक म्हणून आले होते. विद्यापीठाचे अध्यक्ष होते जूडा मॅग्नेस, पहिल्या महायुद्धात अमेरिकेने उतरू नये म्हणून उघड बोललेला शांततावादी. दोघेही गांधीजींचे चाहते. दोघांनी फेब्रुवारी १९३९मध्ये, दोन दिवसांच्या अंतराने, त्यांना लांबलचक पत्रं लिहिली. ती जेरुसलेममध्ये पुस्तिकेच्या रूपाने छापलीही गेली. गांधीजींच्या कागदपत्रांत त्यांना दिलेलं उत्तर नाही. अमेरिकेतल्या हायिम ग्रीनबर्ग या संपादकाच्या टीकेला मात्र त्यांनी मे १९३९मध्ये ‘हरिजन’मधून उत्तर दिलं, म्हणजे विषय टाळायचा नव्हता.

आणि याच सुमारास सेगावात एक ज्यू माणूस राहत होता. हेरमान कॅलनबाख. १९१०मध्ये टॉल्स्टॉय फार्मची अकराशे एकर जमीन सत्याग्रहींना वापरायला देणारा दक्षिण आफ्रिकेतला वास्तुशिल्पी, गांधीजींचा जिवलग. गांधीजींनीच ‘हरिजन’मध्ये लिहिलं आहे की माझ्यासोबत एक ज्यू मित्र राहतो, अहिंसा त्याच्या बुद्धीला पटते, पण हिटलरसाठी प्रार्थना करणं त्याला जमत नाही. त्याच्या रागाशी मी भांडत नाही, असंही गांधीजी पुढे म्हणतात. मला या सगळ्या प्रकरणात हा प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. पहाटेच्या प्रार्थनेला सगळा आश्रम बसलेला आणि त्यातला एक जण एका नावापाशी अडलेला.

मामा : बापूंनी ज्यूंना मरायला सांगितलं, असं आता लोक बोलतात. त्यांनी शरण न जाता मरण पत्करायला सांगितलं. मरण तर आलंच ना? साठ लाख गेले.

भाची : बुबरांचा प्रश्न तिथेच आहे. दक्षिण आफ्रिकेत दीड लाख हिंदी होते, आणि त्यांच्या पाठीशी हिंदुस्थानातले कोट्यवधी. लढा जगाला दिसत होता. छावणीच्या तारेआड एकटा मारला जाणारा माणूस कोणाचं हृदय बदलणार? त्याचं मरण पाहणारं कोणीच नसेल तर ते सत्याग्रह होतं का? मॅग्नेसचं पत्र तर जास्त अवघड आहे. ते वाद घालत नाहीत, विचारतात. सांगा, जर्मनीत नेमकं काय करायचं? कशाशी असहकार?

मामा : पाणी आणि दोन माणसं, ती गोष्ट सांग बरं. मागं सांगितली होती तू.

भाची : तालमुदातली आहे ती. वाळवंटात दोघं चाललेत. एकाच्या हातात पाण्याचा बुधला. दोघांनी प्यायलं तर दोघंही मरणार, एकाने प्यायलं तर तो वस्तीपर्यंत पोचणार. बेन पेतुरा म्हणतो, दोघांनी वाटून प्यावं, एकाने दुसऱ्याचं मरण पाहू नये. रब्बी अकिवा म्हणतो, ज्याच्या हातात पाणी त्याचा जीव आधी.

मामा : मी त्या पहिल्याच्या बाजूनं. बापूही त्याच्याच बाजूनं असते.

भाची : असतेच. आणि पुढचे रब्बी बहुतेक अकिवाच्या बाजूचे. पण घाई करू नका. तोच अकिवा पुढे रोमनांच्या हातून हाल हाल होऊन मेला, कारण शिकवायचं बंद कर म्हटलं तर त्याने केलं नाही. स्वतःचा जीव आधी म्हणणारा माणूस जीव द्यायला तयार होता. कुठे द्यायचा आणि कुठे राखायचा, हे तो एकाच नियमाने ठरवत नव्हता.

मामा : (बऱ्याच वेळाने) अन् पॅलेस्टाईनचं? तिथं बापू काय चुकले? आज जे पेटलं आहे ते त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं.

भाची : तिथे मी बापूंच्या जास्त जवळ आहे. आणि तुम्हाला आवडेल असं सांगते, बुबर आणि मॅग्नेसही तुम्हाला वाटतात तितके दूर नव्हते. आमचं त्या भूमीशी नातं आहे, ते सोडणार नाही, पण अरबांचंही आहे आणि दोन्ही दावे खरे आहेत, असं बुबरांचं म्हणणं. दोघांनी मिळून नांदायचं एकच राज्य, हे ते मागत होते. १९४२मध्ये त्यासाठी ‘इहुद’ नावाची संघटना काढली. १९४८मध्ये त्यांचं कोणीच ऐकलं नाही. मॅग्नेस त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये वारले.

मामा : म्हणजे हरलेल्या माणसाईचं नीतिशास्त्र.

भाची : मिश्नात विचारलंय की एकट्यादुकट्याचं, हरलेलं मत लिहून का ठेवलं? एक उत्तर असं की पुढे एखाद्या न्यायपीठाला त्याचा आधार घ्यावासा वाटेल.

मामा : बापूंचंही मत आता अल्पमतच आहे. ते कोणी लिहून ठेवलं आहे?

भाची : शंभर खंड आहेत, मामाजी. पण त्यांच्या शेजारी समोरच्याचं पत्र ठेवलेलं नाही. माझा विषय तेवढाच आहे.

मामा : जेरुसलेमले जाशील तर राहशील कुठं?

भाची : बाबा फरीदांकडे.

मामांना ही थट्टा वाटली. तशी ती नाही. जेरुसलेमच्या जुन्या शहरात, हेरोदच्या वेशीजवळ, हिंदी सराई आहे. सलादिनने शहर परत घेतल्यानंतरच्या काळात बाबा फरीद तिथे राहिले, अशी परंपरा आहे. १९२४पासून सहारनपूरकडचं अन्सारी कुटुंब ती सांभाळतं. गिरडला ज्यांच्या नावाने नवस बोलतात त्यांच्याच नावाची खोली तिथे दाखवतात. सूफींचा आणि ज्यू नीतिविचाराचा संबंधही ओढूनताणून आणलेला नाही. अकराव्या शतकात स्पेनमध्ये बह्या इब्न पकुदाने अंतःकरणाच्या कर्तव्यांवर अरबीत ग्रंथ लिहिला, त्यावर सूफींची छाप स्पष्ट दिसते. मायमोनिदेसचा मुलगा अब्राहम तर इजिप्तमध्ये उघडपणे सूफींच्या साधनेची वाखाणणी करत होता.

मामांचं समाधान झालं नाही. विद्यापीठात नीती शिकवून माणूस सुधारत नाही हे त्यांचं म्हणणं कायम आहे, आणि ते खोडून काढील असा पुरावा भाचीकडे नाही, माझ्याकडेही नाही. बर्लिनमध्ये शिकलेले लोकच नाझींच्या कचेऱ्यांत बसले होते. पण विद्यापीठ एक काम करू शकतं. ज्या पत्राला उत्तर मिळालं नाही ते टेबलावर ठेवून, उत्तर काय असतं यावर दोन बाजूंनी भांडायला लावू शकतं. आपण वर्धा जिल्ह्यात गांधीजी शिकवतो ते बहुतेक प्रदर्शनासारखे, काचेआड. त्यांना कोणी काय विचारलं, ते सांगतच नाही.

म्हणून भाचीच्या प्रबंधाची वाट न पाहता एक मागणं आहे. जिल्ह्यात जे कोणी गांधीविचाराचा वर्ग घेतात, महाविद्यालयात असोत की आश्रमातल्या शिबिरात, त्यांनी २६ नोव्हेंबर १९३८चा लेख आणि जेरुसलेमची दोन्ही पत्रं एकाच बैठकीत वाचायला द्यावीत. पत्रं इंग्रजीत सहज मिळतात. त्यांचं मराठी भाषांतर कोणी हाती घेत असेल तर वर्ध्यातल्याच माणसाने घ्यावं. एका तासिकेत होणार नाही, दोन लागतील.